बसा, पण कोणतं ‘बसा’?

तुम्ही विचारलंत म्हणून. रशियन शिकवते म्हटलं की हा प्रश्न येतोच: आज्ञा करताना क्रियापदाचं पूर्ण रूप (काम पुरं होण्यावर भर देणारं) घ्यायचं की अपूर्ण (नुसती क्रिया सांगणारं)? साधं ‘बसा’ म्हणायला ‘सदीत्येस’ (अपूर्ण) आणि ‘स्यात्त्ये’ (पूर्ण) असे दोन शब्द कशाला?

काम पुरं व्हायला हवं असेल तर पूर्ण रूप, असं मी घोकलं होतं. मॉस्कोत शेजारच्या आजी घरी आल्या तेव्हा अदबीनं म्हटलं, ‘स्यात्त्ये’. त्या बसल्या, पण पाठ ताठ, हात मांडीवर. मग हसून म्हणाल्या, “सुई कुठेय?” तसं ‘बसा’ डॉक्टर म्हणतात.

पाहुणा आत येणार, कोट काढणार, बसणार हे दोघांनाही ठाऊक असतं. सांगायचं काही नसतं, नुसतं ‘हां, होऊ द्या’. तिथे अपूर्ण रूप: ‘प्रखदीत्ये, रझ्दिवाय्त्येस, सदीत्येस’. (मधल्याचा शब्दशः अर्थ ‘कपडे उतरवा’. घाबरू नका, कोटापुरतंच असतं.) आपल्या ‘बसा ना’मधला ‘ना’ साधारण हेच काम करतो.

म्हणून अपूर्ण म्हणजे सभ्य, असं मात्र धरू नका. रस्त्यात स्टेशन विचारायचं तर ‘स्कझीत्ये, पझालुस्ता’ (‘सांगा, प्लीज’), म्हणजे पूर्ण रूप. समोरच्याला तुमच्या मनातलं काय ठाऊक? तिथे ‘गवरीत्ये’ (‘बोला’, अपूर्ण) म्हणालात तर पोलिसी उलटतपासणी वाटेल. तेच ‘गवरीत्ये’ फोनवर ‘हं, बोला’ होतं.

नकारात बहुतेक वेळा अपूर्णच: खिडकी उघडू नका, ‘न्ये अत्क्रिवाय्त्ये’. पण बर्फावरून निघाले की त्याच आजी मागून ओरडायच्या, ‘न्ये उपदी!’, शब्दशः ‘पडू नकोस!’ हे पूर्ण रूप. मला ते कितीतरी दिवस चूकच वाटायचं. मग लक्षात आलं, मुद्दाम कोण पडतं? मनाई कसली करणार? जिन्यावरून धावणाऱ्या पोराला आपण तरी ‘पडू नकोस’ कुठे म्हणतो? ‘अरे, पडशील!’ म्हणतो. ‘विसरशील हं’ म्हणजे ‘न्ये झबूत्’, तेही पूर्णच. तेव्हापासून वर्गात सांगते: नकळत होणाऱ्या गोष्टीबद्दल मराठीत तोंडाशी ‘-शील’ आलं, तर रशियनमध्ये बिनधास्त पूर्ण रूप ठोका.