केबल काढून पाहिली तेव्हा

दिवाळी अंकांची पानं छापखान्यात गेली की आमच्या कामाला जरा उसंत मिळते. नारायण पेठेत मी घरीच डीटीपी करते. पुस्तकं, अहवाल, लग्नपत्रिका, जे येईल ते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्यावर नवं चढवण्यापेक्षा विंडोज ११ अगदी कोरं बसवायचं, असं मी दिवाळीनंतर ठरवलं. मशीन २०१९ साली असेंबल करून घेतलेलं, आय-फाइव्ह, आठव्या पिढीचं, म्हणजे विंडोज ११ ला चालणारं. आत १ टीबीची हार्ड डिस्क. सी ड्राइव्हवर विंडोज आणि डी ड्राइव्हवर माझं सगळं काम. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपमधून निघालेली २४० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, कपाटात होती. तिच्यावर विंडोज बसवायचं आणि काम हार्ड डिस्कवर आहे तिथेच ठेवायचं, एवढाच बेत.

डी ड्राइव्हची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतली, त्याला अख्खी रात्र लागली. ती हातात नसती तर पुढचं काही करायला मी धजावले नसते. सकाळी तपकीर गल्लीतून साटा केबल आणली, एसएसडी जोडली, बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम हे विंडोज ११ ला लागणारं सुरक्षेचं साधन चालू केलं आणि पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू केला. विंडोज कुठे बसवायचं हे विचारणाऱ्या पडद्यापर्यंत सगळं सुरळीत झालं.

तिथे एसएसडी निवडली आणि गाडी अडली. या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय मशीनवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवरच बसतं, असा संदेश. ईएफआय म्हणजे मशीन सुरू करण्याची नवी पद्धत; एमबीआर आणि जीपीटी हे पार्टिशन टेबलाचे दोन प्रकार, जुना आणि नवा. लॅपटॉप जुना, त्यामुळे डिस्कची मांडणीही जुन्या पद्धतीची.

पार्टिशन टेबल म्हणजे काय, हे मला माझ्या धंद्यातूनच उमगलं. ती डिस्कची अनुक्रमणिका. कुठला भाग कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढंच तिच्यात असतं. एमबीआर १९८३ पासूनची. डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटांत ती बसते आणि तिच्यात फक्त चार नोंदी मावतात. साध्या डिस्कवर २ टीबीच्या पुढची जागाही तिला मोजता येत नाही. जीपीटीमध्ये विंडोज १२८ नोंदींची जागा ठेवतं, शिवाय अनुक्रमणिकेची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. पहिलं पान फाटलं तरी शेवटचं शिल्लक राहतं. ही कल्पना मला फार आवडली.

एमबीआरची जीपीटी करायला पार्टिशन टेबल पुसावं लागणार होतं. डेटा न घालवता बदलणारं एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन विंडोजमध्ये आहे, पण ते चालू विंडोज असलेल्या डिस्कसाठी. माझ्या एसएसडीवर ठेवण्यासारखं काही नव्हतंच. भाच्याला फोन लावला.

तो म्हणाला, "मावशी, शिफ्ट आणि एफ-टेन दाब, काळी खिडकी येईल. तिथे डिस्कपार्ट लिही. पण सिलेक्ट करायच्या आधी लिस्ट डिस्क बघ आणि मला वाचून दाखव."

डिस्कपार्ट म्हणजे डिस्कची मांडणी बदलणारं विंडोजमधलं साधन. मी वाचून दाखवलं. डिस्क ०, ९३१ जीबी. डिस्क १, २२३ जीबी. डिस्क २ म्हणजे पेन ड्राइव्ह. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून १ टीबीची ९३१ होते आणि २४० ची २२३. शेवटच्या जीपीटीच्या रकान्यात डिस्क ० समोर चांदणी (*) होती, डिस्क १ समोर रिकामं. म्हणजे माझी हार्ड डिस्क आधीच जीपीटी होती आणि अडचण फक्त एसएसडीची होती.

तरी माझं बोट थांबलं. आकार बघून अंदाज बांधणं वेगळं आणि खात्री वेगळी. सिलेक्ट डिस्क १ लिहिलं आणि मग डिटेल डिस्क. त्यात डिस्कचं मॉडेल आलं, जे एसएसडीच्या वरच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं तेच. कॅबिनेट उघडं ठेवलं होतं, त्यामुळे टॉर्च धरून दोन्ही अक्षर-अक्षर जुळवून पाहिलं. सेटअपमध्ये ड्राइव्हच्या अक्षरांवर भिस्त ठेवू नये, हे मी तिथेच शिकले. माझा डी ड्राइव्ह तिथे दुसऱ्याच अक्षराखाली दिसत होता.

मग क्लीन लिहिलं, एंटर दाबलं. क्षणात झालं. क्लीन अनुक्रमणिका फाडतं, आतली पानं बहुतेक तशीच राहतात. प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहायचं असेल तर क्लीन ऑल, आणि त्याला खूप वेळ लागतो. माझं काम साध्या क्लीनने भागलं. मग कन्व्हर्ट जीपीटी. खिडकी बंद करून यादी रिफ्रेश केली, एसएसडीवरची मोकळी जागा निवडून पुढे गेले. संदेश आला नाही. अर्ध्या तासात विंडोज ११ चा डेस्कटॉप समोर.

इथेच थांबले असते तर पुढे कधीतरी ऐन कामाच्या वेळी फटका बसला असता. डिस्क मॅनेजमेंट सहज उघडलं, तेव्हा मला एक गोष्ट खटकली. हार्ड डिस्कवर सुरुवातीला १०० एमबीचं ईएफआय सिस्टिम पार्टिशन दिसत होतं, २०१९ पासूनचं. एसएसडीवर तसं काहीच नव्हतं. मशीन सुरू होताना फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, जे वाचतं ते याच लहानशा पार्टिशनमध्ये असतं. भाच्याला विचारलं.

"हार्ड डिस्कची केबल काढ आणि चालू करून बघ," तो म्हणाला.

मशीन बंद करून केबल काढली. चालू केलं तर काळा पडदा, बूट करायला डिस्कच नाही. सेटअपला पहिल्या डिस्कवर आयतं ईएफआय पार्टिशन मिळालं होतं, म्हणून त्याने सुरू होण्याच्या फायली तिथेच टाकल्या. विंडोज एका डिस्कवर आणि ते सुरू करणारी किल्ली दुसऱ्या डिस्कवर. मी उद्या जुनी हार्ड डिस्क बदलली असती, तर धडधाकट विंडोज असूनही मशीन बंद.

बीसीडीबूट नावाच्या कमांडने एसएसडीवर जागा काढून त्या फायली नव्याने टाकता येतात, भाच्याने ते सांगितलं. पण मी अजून एकही प्रोग्रॅम टाकला नव्हता. मग ठिगळ कशाला? केबल काढलेलीच होती. तशीच ठेवून पुन्हा सेटअप चालवला, एसएसडीवरचं सगळं डिलीट केलं, न्यू दाबलं. या वेळी तीन ओळी उमटल्या: १०० एमबी सिस्टिम, १६ एमबी रिझर्व्ह्ड, आणि बाकीचं प्रायमरी. त्या शंभराच्या ओळीकडे मी बराच वेळ बघत राहिले. यादीत एकच डिस्क असल्यामुळे चुकीची निवडायची भीतीही नव्हती. पुन्हा करायचं झालं तर मी केबल काढण्यापासूनच सुरुवात करेन.

हार्ड डिस्क परत जोडली, बायॉसच्या बूट क्रमात एसएसडीवरचं विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर ठेवलं. सुरू झालं.

फॉन्ट आणि प्रोग्रॅम टाकून इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये एका कवितासंग्रहाची फाइल उघडली, तर प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात लाल प्रश्नचिन्ह. चित्रं गेली का, म्हणून छातीत धस्स झालं. पण फायली जागच्या जागी होत्या, फक्त पत्ता बदलला होता. नव्या विंडोजने डी हे अक्षर हार्ड डिस्कवरच्या जुन्या विंडोजच्या भागाला दिलं होतं आणि माझा कामाचा भाग ई झाला होता. चित्रांच्या लिंक मात्र सगळ्या डी ड्राइव्हच्या. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुन्या भागाचं अक्षर बदलून एक्स केलं आणि कामाच्या भागाला त्याचं डी परत दिलं.

जुन्या विंडोजचा भाग पुढच्या आठवड्यात फॉरमॅट केला. ते १०० एमबीचं जुनं ईएफआय पार्टिशन मात्र तसंच ठेवलंय. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्याच्यावर डिलीटचा पर्याय फिका दिसतो, त्यासाठी डिस्कपार्टमध्ये डिलीट पार्टिशन ओव्हरराइड द्यावं लागतं. शंभर एमबीसाठी माझ्या कामाच्या डिस्कवर पुन्हा ती काळी खिडकी उघडायची मला गरज वाटत नाही.

कवितासंग्रहाची फाइल बंद करून पुन्हा उघडली. लाल खुणा गेल्या होत्या. पान ४७ वरचं वाड्याच्या दिंडी दरवाज्याचं रेखाचित्र त्याच्या चौकटीत बसलेलं होतं. कवींना फोन करून कळवलं, प्रुफं सोमवारी देते.