गोळ्या आत गेल्या, आजाराचं नाव बाहेरच राहिलं

सोलापूर-धुळे हायवेलगतच्या एका लॉजवर रात्री धाड पडली आणि पाच बायकांना सुधारगृहात नेलं, हे सकाळी आमच्या अक्कांच्या फोनवरून कळलं. अक्का आमच्या प्रकल्पात पिअर आहेत. स्वतः धंद्यात राहून इतर बायकांना निरोध पोचवणं, त्यांना दर सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि गुप्तरोगाच्या तपासणीला आणणं, हे त्यांचं काम. मी तिथं समुपदेशक. बीड जिल्ह्यात धाड ही काही नवी गोष्ट नाही, पण अक्का पुढं म्हणाल्या, "ताई, त्यात आपली गोळीवाली हाय. बाटली खोलीवरच राह्यलीय तिची."

तिला इथं शालन म्हणते. २०१९ पासून तिचं एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, चालू आहे. आता तीन औषधांची मिळून एकच गोळी असते, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्यूटेग्राविर. रोज ठरल्या वेळी घ्यायची, सरकारी केंद्रात फुकट मिळते. गेल्या तपासणीत तिच्या रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरला नव्हता. असा माणूस शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण देत नाही, आणि हे तिला मी समजावलं तेव्हा ती कितीतरी वेळ नुसती रडली होती. एखादा डोस चुकला म्हणून लगेच बिघडत नाही; पण चौकशी पुरी होईपर्यंत अशा बायकांना तीन आठवड्यांपर्यंत ठेवता येतं. तेवढे दिवस गोळी बंद राहिली तर विषाणू पुन्हा डोकं वर काढतो.

अक्कांनी खोली उघडून ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागून बाटली काढली. मी हातात घेऊन हलवली, आवाज आला नाही. झाकण उघडलं तर आत गच्च कापूस. गिऱ्हाइकासमोर पर्स हलली की गोळ्या खुळखुळतात, म्हणून. वरचं लेबलही तिनं नखानं खरवडून टाकलेलं.

ही बाटली घेऊन मी थेट सुधारगृहाच्या फाटकावर गेले असते, तर झडतीत ती उघडली गेली असती, दोघा-तिघांच्या हातून फिरली असती आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं असतं. म्हणून बाटली अक्कांकडंच ठेवली आणि आधी जिल्हा एड्स नियंत्रण पथकाकडून पत्र घेतलं. त्यात एवढंच लिहिलं: सदर महिलेचा नियमित औषधोपचार चालू असून त्यात खंड पडू नये, समुपदेशकास तिची एकांतात भेट द्यावी. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याचा दाखलाही दिला. शासनाच्या ताब्यात किंवा देखरेखीत असलेल्या प्रत्येकाला एचआयव्हीवरच्या उपचाराचा हक्क आहे, असं त्या कायद्यात स्पष्ट आहे. पण दाखल्यात कायद्याचं नाव लिहिलं की आजार आपोआप कळतो! ते लक्षात आल्यावर साहेबांनी ती ओळ खोडून पत्र पुन्हा टाइप करून घेतलं. त्यांचे मी मनापासून आभार मानते.

अधीक्षक मॅडमनी पत्र वाचलं आणि विचारलं, "आजार कोणता? इथं एवढ्या बायका एकत्र राहतात, जबाबदारी माझी आहे." त्यांची काळजी मला कळत होती. म्हटलं, "मॅडम, तो सांगायचा हक्क माझा नाही, तिचा आहे. इतरांना एकत्र राहण्या-जेवण्यानं काही होणार नाही, याची खात्री मी देते." बराच वेळ ताणाताणी झाली. शेवटी त्यांनी सिलाईची खोली रिकामी करून दिली, दार लोटून घेतलं आणि स्वतः बाहेर थांबल्या.

शालन आली ती माझ्याकडं न बघताच बोलायला लागली. "दोन रात्री झाल्या ताई, मह्या गोळ्या चुकल्या. मागायचं तर काय म्हणून मागू? ताट येगळं करतील, अंथरूण येगळं करतील. सोबतच्या चौघींनाबी ठावं न्हाई."

मी विचारलं, "कुणाला सांगू? तू म्हणशील तसं." ती विचार करून म्हणाली, "सिस्टरला सांगा. मॅडमला न्हाई." तसंच लिहून तिची सही घेतली. मग अक्कांकडची बाटली आणून दिली. सिस्टरनं ती आपल्या कपाटात कुलपात ठेवली आणि रोज रात्री रक्तवाढीच्या गोळ्या वाटताना हीसुद्धा द्यायची, असं ठरवलं. रांगेत बहुतेकींच्या हातावर गोळी असतेच. शालनच्या हातावर दोन, एवढाच काय तो फरक. ही युक्ती सिस्टरची. मला ती सुचली नसती.

त्याच धाडीतली दुसरी गोष्ट मात्र अजून डाचते. लॉजवरच्या पंचनाम्यात निरोधची पाकिटं मुद्देमाल म्हणून लिहिली गेली, आमच्याच प्रकल्पानं वाटलेली. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये सांगितलंय की निरोध बाळगणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये. कागदावर आदेश आहे, ठाण्यात तो पोचलेला नसतो. परिणाम लगेच दिसला. हायवेवरच्या बायका पाकिटं हातात घेईनात. "पर्समदी सापडलं की आत," असं अक्कांना तोंडावर सांगायच्या. एका रात्रीच्या कारवाईनं अक्कांची कित्येक वर्षांची मेहनत मागं गेली. मग आदेशाची मराठी प्रत घेऊन आम्ही ठाण्याठाण्यात फिरलो; काही ठिकाणी ऐकून घेतलं, काही ठिकाणी बसायलाही सांगितलं नाही.

शालन सुटून आली. गोळ्या चालू आहेत. आता गोळीवाल्या प्रत्येकीला आम्ही आधीच विचारून ठेवतो: बाटली कुठं असते, किल्ली कुणाकडं, आणि तुला नेलं तर कुणाला किती सांगायचं. बहुतेकी अक्कांचं नाव घेतात. अक्कांनाही कळू द्यायचं नाही म्हणणाऱ्या दोघी-तिघी आहेत. त्यांच्या एकेक महिन्याच्या गोळ्या सीलबंद पाकिटात लिंक सेंटरवर, म्हणजे एआरटीच्या गोळ्या देणाऱ्या जवळच्या उपकेंद्रावर, ठेवता येतील का, हे विचारायला मी येत्या सोमवारी जाते आहे.