एवढीशी गाडी आणि खाली वायरींचं जाळं

"ओ काका, गाडी एवढीशी की, मग खाली एवढ्या वायरी कशाला?" माझं छोट्या रेल्वेचं मॉडेल बघायला घरी आलेला माणूस टेबलाखाली वाकला की हे विचारतोच. त्याआधी 'बेळगावात नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, कुठं होती?' हे झालेलं असतं. नव्हतीच. ब्रॉडगेज यायच्या आधी आपल्याकडे मीटरगेज. पण पंढरपूरला जायचं तर मिरजेला उतरून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धरायची, हे घरातल्या जुन्या माणसांना पाठ होतं. 1927 साली ती लाइन मिरजेपर्यंत आली. आता तीही ब्रॉडगेज झालीय. मी टेबलावर मांडलीय ती हीच छोटी गाडी.

रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. 87 पट लहान केलं की पावणेनऊ. एन गेज या मॉडेलांच्या छोट्या मापाचा 9 मिलिमीटरचा रूळ त्यासाठी चालून जातो. त्याचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, मात्र फार दाटीनं असतात. ते मी मातीखाली अर्धेअधिक झाकलेत.

आता वायरी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये बार्शीची लाइन सुरू केली तेव्हा त्याचा सगळा हिशेब हलकेपणाचा होता: रूळ हलके, एका आसावर पाच टनांहून जास्त भार नाही. मॉडेलमध्ये नेमका तोच हलकेपणा नडतो. इंजिन वीज घेतं चाकांतून. वजन कमी, चाकं मोजकी, त्यात रुळावर जरा धूळ बसली की गाडी जागच्या जागी. आणि रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्टीवर तर अजिबात भिस्त ठेवू नये. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पट्टी काळी पडते, वीज पुढं जात नाही. म्हणून दीड चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी, लाल आणि काळी, टेबलाखालून शेवटपर्यंत नेल्यात आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्यापासून बारीक वायर खाली आणून त्यांना जोडलीय. सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला मारायचं. आतून मारलं तर चाकाची कड त्यावर चढते.

खरी मेख सांध्यात, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथं. दोन रूळ मिळतात तिथल्या टोकदार तुकड्याला, फ्रॉगला, गाडी सरळ जाताना एका बाजूची वीज लागते आणि वळताना दुसऱ्या. प्लॅस्टिकचा फ्रॉग स्वस्त, पण छोटं इंजिन त्यावरच बसकण मारतं. म्हणून फ्रॉग धातूचा, सांध्याबरोबर बदलणारा स्विच, आणि फ्रॉगपुढच्या दोन्ही रुळांना वीज अडवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. नाहीतर शॉर्ट ठरलेला. हे सगळं मल्टिमीटर लावून तपासल्याशिवाय खडी चिकटवायची नाही.

डीसीसी, म्हणजे रुळांतूनच इंजिनाला डिजिटल हुकूम देणारी यंत्रणा, घेतलं की दोन वायरींत काम भागतं, असं विकणारे सांगतात. मी घेतलंय, वायरी तेवढ्याच आहेत. त्यातला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा तुकडा, धुळीवरून गाडी ओढून नेतो खरा, पण एवढ्याशा इंजिनात तो मावतो कुठं? मागच्या डब्यात घातलाय. तेवढा डबा सोडवू नका, एवढंच पोरांना आधी बजावून ठेवतो.