नुकसानभरपाई आणि एक चौदाचा उतारा

दिवाळीच्या तोंडावर पाऊस झोडपून गेला की आमच्या गोव्यातल्या पेडण्यात एकच विषय, भरपाई किती आणि कधी. किती ते कागदावर स्पष्ट आहे. केंद्राच्या आपत्ती निधीत ३३ टक्के तरी नुकसान पाहिजे, मग पावसावरच्या पिकाला हेक्टरी ८,५००, ओलिताच्या पिकाला १७ हजार, माड-पोफळीसारख्याला २२,५००, आणि तेसुद्धा दोन हेक्टरपर्यंतच. आपल्या गोवा सरकारचा शेतकरी आधार निधी त्यापेक्षा बरा, भाताला हेक्टरी ४० हजार. पण हेक्टर आहे कोणाकडे हो इथे? आम्ही शेत चौरस मीटरात मोजतो. दोन हजार मीटरचा तुकडा असेल तर झाले आठ हजार, त्यात ट्रॅक्टर, खत आणि लावणीची मजुरी सुटली तरी पुष्कळ.

बरं हे पैसे येतच नाहीत असं नाही, येतात. पण एक चौदाच्या उताऱ्यावर (म्हणजे आमच्याकडचा सातबाराच) ज्याचं नाव त्याला येतात, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. आमच्या उताऱ्यावर अजून आजोबाच आहेत, ते जाऊन जमाना झाला. नाव बदलायचं तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया करा, त्यात सगळे वारस आले, वर पोर्तुगीज काळचा कायदा म्हणून त्यांचे नवरे-बायकाही आल्या. आत्याची मुलं मुंबईला, त्यांना सही मागितली की वाटतं हा जमीन विकतोय, आणि मोपाला विमानतळ झाल्यापासून तर बोलायलाच नको.

आम्ही निदान घरचे तरी आहोत. आमच्या बाजूचे काका दुसऱ्याचं शेत करतात, सगळं तोंडी. भाटकार, म्हणजे जमिनीचा मालक, चिठ्ठीसुद्धा लिहून देत नाही कारण उद्या कूळ लागलं तर काय करणार, १९६४ च्या कूळ कायद्याची धास्ती अजून गेलेली नाही. बी काकांचं, खत काकांचं, चिखलात पाय काकांचे आणि भरपाईच्या यादीत काका कुठेच नाहीत. भाटकार चांगला निघाला तर पैसे घेऊन यांना आणून देतो, काही देतातही, पण सरकारी मदत अशी कोणाच्या चांगुलपणावर चालायची म्हणजे कमालच आहे.

त्यात पंचनाम्याची तऱ्हा वेगळी. आडवं झालेलं भात पाण्यात राहिलं की लोंबीलाच कोंब येतात, कंबाइन त्या चिखलात उतरत नाही, मग माणसं मिळतील तशी घेऊन हातानेच कापायचं. कापलं की पाहणीला आलेला माणूस विचारतो नुकसान कुठे आहे दाखवा. नाही कापलं तर होतं तेही गेलं. काका आता मोबाईलवर फोटो काढतात आणि एक कोपरा मुद्दाम तसाच सोडतात, सरकारला दाखवायला (हसू नका, गावात बरेच जण हेच करतात).

मला वाटतं पंचनाम्यातच 'प्रत्यक्ष कसणारा' असा एक रकाना टाकावा आणि खाली स्वच्छ लिहावं की ही नोंद फक्त भरपाईसाठी, यावरून कुळाचा हक्क लागणार नाही. भाटकाराची भीती त्याने थोडी तरी कमी होईल. कुठलं शेत कोण करतो हे वाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पंचायतीतून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तरी भागेल. भाटकार तरीही कुरकुरणार, तर कुरकुरू दे, त्याचं काय पेरलेलं वाहून गेलंय?