दोन्ही गार्डचा नेम कच्चा असेल तर?

अमेरिकेतलं मेम्फिस हे एकेकाळी कापसाच्या सौद्यांचं गाव. फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आजही कापसाचं संग्रहालय आहे. त्यामुळे खान्देशातल्या माणसाला इथे फार परकं वाटत नाही. पण इथल्या लोकांचा खरा जीव बास्केटबॉलमध्ये आणि आता माझाही.

भुसावळचा माझा भाचा शाळेच्या टीममध्ये गार्ड आहे, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारा. परवा फोनवर म्हणाला, "मामा, आम्हा दोन्ही गार्डना लांबून बास्केट जमत नाही, तरी सर दोघांना सोबतच खेळवतात. अमेरिकेतल्या त्या एनबीए लीगमध्ये असं चालतं का?"

प्रश्न अगदी वर्मावरचा. या गावाने ते दुखणं सोसलंय. 2015 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, आमचा संघ मेम्फिस ग्रिझलीज गोल्डन स्टेट संघाविरुद्धच्या मालिकेत 2-1 ने पुढे होता. आपला गार्ड टोनी अ‍ॅलन बचावात वाघ, पण बाहेरून नेम कच्चा. चौथ्या सामन्यात गोल्डन स्टेटने त्याच्यावर चक्क सेंटर, म्हणजे बास्केटपाशी खेळणारा उंच गडी लावला, अँड्र्यू बोगट. बोगट त्याच्याकडे फिरकायचाच नाही, बास्केटपाशीच ठाण मांडून बसायचा. अ‍ॅलन बाहेर मोकळा, मार म्हणे किती मारतोस ते! आत झॅक रँडॉल्फ आणि मार्क गसोल या धिप्पाड गड्यांना वळायलाही जागा उरेना. मालिका 4-2 ने गेली. आणि ही गत एकाच गार्डपायी. जोडीदार माइक कॉन्लीचा नेम तर चांगला होता.

तरी मी भाच्याला नाही म्हटलं नाही. 2017 मध्ये शिकागोकडे राजॉन रॉन्डो आणि ड्वेन वेड हे दोन गार्ड होते. लांबून मारण्यासाठी दोघांचंही नाव नव्हतं. पण आठव्या क्रमांकाच्या शिकागोने अव्वल बोस्टनला त्यांच्याच मैदानावर लागोपाठ दोनदा हरवलं. मग रॉन्डोचा अंगठा मोडला आणि पुढचे चारही सामने हातचे गेले.

माझं मत स्पष्ट आहे. अशी जोडी चालते, पण बाकीच्या तिघांच्या जिवावर. त्यातही सेंटर बाहेर येऊन मारणारा हवा, म्हणजे समोरच्या उंच गड्याला बास्केट सोडून त्याच्यामागे यावंच लागतं. शिवाय बॉल हिसकावून, समोरचे जागेवर यायच्या आत पळत सुटलं, तर नेमाचा प्रश्नच येत नाही. बॉल नसलेल्या गार्डने मात्र कोपऱ्यात नुसतं उभं राहू नये. स्क्रीन लावावा, म्हणजे सोबत्याला मोकळं करायला बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभं राहावं, नाहीतर आत कट मारावा, म्हणजे बास्केटकडे झटकन धाव घ्यावी.

आणि नेम सुधारतो रे बाबा! जेसन किड हा गार्ड सुरुवातीला लांबून मारण्यात कच्चाच होता. 2013 मध्ये निवृत्त झाला तेव्हा एनबीएत सर्वाधिक थ्री-पॉइंटर (लांबून मारलेली तीन गुणांची बास्केट) मारणाऱ्यांत तो तिसरा होता.

भाच्याला म्हटलंय, पुढच्या मॅचचा व्हिडिओ पाठव. तुमचा सेंटर कुठे उभा राहतो, ते मला आधी बघायचंय.