तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री पावणेतीनला उठून आम्ही काय करत होतो?

२०२३ च्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीतल्या काकूंनी विचारलं होतं, "काय गं, रात्री तीनला तुमच्याकडे सगळे दिवे चालू, कुणी आजारी होतं का?" तेव्हा घाईत "नाही काकू, आमचं नवीन वर्ष लागलं" एवढंच बोलले, पण त्यानंतर हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. तुमचं नवीन वर्ष एकदा रात्री, एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, असं कसं? वेळ कोण ठरवतं?

तर नीट सांगते. माझा नवरा इराणमधल्या शिराझचा, पुण्यात शिकायला आला आणि इथेच राहिला. पहिला प्रश्न नेहमी "म्हणजे पारशी का?" असा असतो. नाही, तो मुसलमान आहे, पण नवरोज, म्हणजे हे नवीन वर्ष, इराणमध्ये सगळ्यांचाच, इस्लाम तिथे येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. आपल्याकडचे बहुतेक पारशी नवीन वर्ष ऑगस्टमध्ये करतात कारण त्यांच्या शहेनशाही कॅलेंडरमध्ये लीपचा दिवसच नाही, त्यामुळे ते शतकानुशतकं सरकत गेलं, आणि २१ मार्चला ते जमशेदी नवरोज वेगळा करतात.

आता वेळेचं. इराणी वर्ष वसंत संपाताला लागतं, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो त्या क्षणाला. त्या दिवसाला नाही, क्षणाला. सूर्याचं वर्ष ३६५ दिवस आणि वर पावणेसहा-सहा तासांचं असल्यामुळे तो क्षण दरवर्षी तेवढा पुढे जातो. २०२३ मध्ये आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री २ वाजून ५४ मिनिटांनी, २०२४ मध्ये सकाळी ८:३६ ला, २०२५ मध्ये दुपारी २:३१ ला. लीप वर्ष आलं की तारीख परत जागेवर येते. आणि तेहरानमध्ये दुपारी बाराच्या आत संपात झाला तर तोच दिवस फरवर्दीनचा, म्हणजे इराणी वर्षातल्या पहिल्या महिन्याचा, पहिला, बारानंतर झाला तर दुसरा दिवस. उमर खय्याम आपल्याला रुबायांमुळे माहीत, पण ११ व्या शतकात सुलतान मलिकशाहसाठी जे जलाली कॅलेंडर बसवलं त्यातल्या खगोलवाल्यांमध्ये तोही होता, हे मला लग्नानंतर कळलं आणि फार भारी वाटलं.

या क्षणाला म्हणतात साल तहवील. तहवील म्हणजे सोपवणं, आपल्या 'हवाली'च्याच मुळातला शब्द. जुनं वर्ष नव्याच्या हवाली.

त्याच्या आधी महिनाभर खाने-तकानी चालते, शब्दशः घर हलवणं, गालिचे धुणं, पडदे काढणं, आपली दिवाळीची साफसफाई डोळ्यासमोर आणा म्हणजे झालं. शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी चहारशंबे सूरी, छोट्या छोट्या शेकोट्या पेटवून त्यावरून उड्या मारतात आणि आगीला म्हणतात, माझा पिवळेपणा तुला, तुझी लाली मला. माझ्या मुलीला होळीपेक्षा हे जास्त आवडतं.

आणि मग सोफ्रे, म्हणजे अंथरलेलं कापड, त्यावर हफ्त-सीन, 'स' ने सुरू होणाऱ्या सात गोष्टी (हफ्त म्हणजे सात, आपला हप्ता तिथलाच). सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सेर्के म्हणजे व्हिनेगर, सोमाग ही आंबट लालसर पूड, सेंजेद हे एक सुकं फळ, समनू आणि सब्जे. शिवाय आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी, कवी हाफीजचा दीवान, म्हणजे काव्यसंग्रह. सेंजेद पुण्यात मला कधी मिळालं नाही, सासूबाई कुणाबरोबर तरी पाठवतात, आणि ती पुडी आली की नवरा आधी नुसता वास घेत बसतो.

सब्जे म्हणजे ताटलीत उगवलेले गहू किंवा मसूर. हे मी करते, कारण मला येतं, लहानपणापासून घटस्थापनेला आईबरोबर परडीत धान पेरलंय ना. फक्त तिथे नवरोजच्या वेळी थंडी असते म्हणून दोन-अडीच आठवडे आधी भिजवतात, इथे मार्चच्या उन्हात तेवढ्या दिवसांत ते पिवळं पडतं, मी दहा दिवस आधी भिजवते. समनू मात्र मी एकदाच करून बघितलं. मोड आलेल्या गव्हाचं दूध काढून पिठाबरोबर तासन् तास ढवळायचं, तिकडे बायका रात्रभर आळीपाळीने ढवळतात आणि प्रत्येकजण पळी फिरवताना मनात काहीतरी मागते. साखरेचा कण नाही तरी गोड होतं कारण मोड येताना गव्हातली गोडी सुटते. आमच्या आईने चाखलं आणि म्हणाली, हा तर चिकाचा लांबचा भाऊ.

पण मला खरं सांगायचंय ते त्या २ वाजून ५४ मिनिटांबद्दल. ३१ डिसेंबरला बारा वाजतात ते प्रत्येक देशात वेगळे, आपण फटाके फोडून झोपतो तेव्हा दुसरीकडे अजून जुनंच वर्ष चालू असतं. इथे तसं नाही, सूर्य सगळ्यांसाठी एकदाच ओलांडतो. त्या रात्री आमच्याकडे २:५४, शिराझमध्ये सासूबाईंकडे १२:५४, टोरंटोत नणंदेकडे संध्याकाळचे ५:२४, तीन ठिकाणी तीन सोफ्रे, एका व्हिडिओ कॉलवर. सासूबाई वर्ष बदलतानाची दुआ पुटपुटत होत्या, हृदयं आणि नजरा फिरवणाऱ्या, आमची अवस्था चांगल्यात चांगली कर, अशा अर्थाची. जुन्या बायका म्हणतात की आरशावर ठेवलेलं अंडं त्या क्षणी किंचित हलतं, माझी मुलगी डोळे न मिटता त्या अंड्याकडे बघत होती. मग टीव्हीवर तोफ वाजली आणि तिन्ही घरं एकदम ओरडली, ईदे शोमा मोबारक. एका सेकंदासाठी दहा वर्षांत न भेटलेली माणसं एकाच जागी होती, मला दुसऱ्या कुठल्याच सणाला असं वाटलेलं नाही. नंतर नवऱ्याने पुस्तकात ठेवलेल्या कोऱ्या नोटा ईदी म्हणून वाटल्या, आईला पण दिली, तिने ती अजून मोडलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी, २२ मार्चला पाडवा होता. सोफ्रे तेरा दिवस उचलत नाहीत, त्यामुळे खिडकीत गुढी आणि खाली हफ्त-सीन, दोन्ही एकाच खोलीत.

तेराव्या दिवशी सीझदा बेदर, त्या दिवशी घरात बसायचं नाही. अख्खं इराण डबे घेऊन नदीकाठी, बागेत, डोंगरावर जातं, सब्जे वाहत्या पाण्यात सोडतात, लग्नाच्या मुली त्याआधी त्याच्या पात्यांना गाठी मारतात. त्या वर्षी तो दिवस २ एप्रिल, रविवार आला. आम्ही खडकवासल्याकडे गेलो, आई बरोबर होती. पाण्यात सोडायला नवऱ्याने ताटली हातात घेतली तशी आई म्हणाली, थांबा जावईबापू, आणि दसऱ्याला घटातलं धान खोवतो तशी चार पाती खुडून तिने मुलीच्या केसात खोवली, मग त्याच्या टोपीत, आणि मग म्हणाली, हां, आता सोडा.