दोन ओळींमधला श्वास

आज रात्री एकच गाणं दोन एफएम रेडिओ स्टेशनांवर पाठोपाठ लागलं. मुखडा संपला की गायिका श्वास घेते, एवढीशीच जागा. पहिल्यावर तो श्वास जेमतेम जाणवला. दुसऱ्यावर मात्र जवळजवळ सुराइतकाच मोठा आला, कानाशी कुणी सुस्कारा टाकावा तसा. आणि तरी पहिल्या फटक्यात मला दुसरंच आवडलं. तेव्हापासून चैन नाही.

कारण माहीत आहे. एफएममध्ये आवाज जितका मोठा तितकी त्याला वाहून नेणारी वाहक लहर जास्त हलते, आणि ती दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपलीकडे हलवायची नसते, म्हणजे वर छत ठरलेलं. मग मोठं वाजायचं तर मधलं सगळं उचलायचं आणि शिखरं छाटायची. आवाज खर्जापासून तारेपर्यंत चार-पाच पट्ट्यांत फोडून प्रत्येकीला वेगळा कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं यंत्र, लावतात. त्याचा रिलीज, म्हणजे दाब सोडणं, जलद ठेवला की सूर थांबताच गेन, म्हणजे आवाजाची वाढ, चढतो. श्वास, तंबोऱ्याची आस, स्टुडिओतली हवा, सगळं पुढे येतं. पट्ट्या न पाडता एकच कंप्रेसर ताणून लावला तर ढोलाच्या ठोक्यागणिक गाणारीचा गळा दाबल्यासारखा होतो. ते त्याहून वाईट.

पण हे सगळं ठाऊक असून कान फसला, हे सलतं. एवढं ऐकून मिळवलं काय? एखाद-दुसऱ्या डेसिबलचा (डीबी) फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळतच नाही, ‘स्वच्छ’ म्हणून कळतो. दर वेळी.

शेवटी नीट लावून पाहिलं. रिसीव्हर एकच, अँटेना जागची हलवायची नाही. मोनो दाबायचं, कारण सिग्नल कमजोर पडला की बरेच रिसीव्हर गुपचूप स्टिरिओ आवळतात आणि दोष स्टेशनच्या माथी जातो. रेकॉर्डिंगची शिखरं उणे १२ डीबीच्या आसपास, कमाल पातळीच्या बरीच खाली, म्हणजे आपल्या हातून काही छाटलं जात नाही. दोन्हीकडच्या त्याच ओळी कापायच्या, तीसेक सेकंद, एलयूएफएस, म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा, मोजायचं आणि मोठ्याला खाली आणायचं. लहान्याला वर ढकललं की क्लिप होण्याची, शिखरं छाटली जाण्याची भीती.

पातळी सारखी झाली आणि दुसरं स्टेशन तिथल्या तिथे बसलं. तबल्याच्या चाटीची धार गेलेली. ‘स’ चरचरीत. प्रक्षेपणाआधी आवाजातल्या वरच्या कंप्रता मुद्दाम चढवतात, त्याला प्री-एम्फसिस म्हणतात. तो ५० मायक्रोसेकंदांच्या मापाचा असला तर १५ किलोहर्ट्झला वाढ जवळपास १३.७ डीबी. रिसीव्हर ते परत उतरवतो, पण त्याआधीच ‘स’ आणि झांज छतावर आपटलेले असतात. त्यात मूळ फाइल १२८ केबीपीएसची एमपीथ्री असेल तर कोडेकने, म्हणजे फाइल आवळणाऱ्या पद्धतीने, झाकून ठेवलेली सळसळही कंप्रेसर उकरून काढतो. पहिल्या स्टेशनवर ती ऐकू आली नाही. त्यांची लायब्ररी चांगली, की हात हलका? बहुधा दोन्ही.

मग दुसऱ्याला इतकं वाईट का म्हणू? चालत्या गाडीत इंजिनाची घरघर पहिल्याचे हळू भाग गिळून टाकते. तिथे दुसऱ्याचा शब्दन् शब्द पोचतो. ते लोक गाडीसाठीच आवाज घडवतात. तिथे हात त्यांच्याकडे गेला तर जाऊ दे.

घरी आता पहिलंच लावलंय, आवाज दोन घरं चढवून. अंतरा संपला. ती श्वास घेतेय, हळूच.